चूल, बंब आणि गॅस : सातारा–सांगली भागातील इंधन-साधने आणि त्यांचे शब्द

एखाद्या यंत्राची कार्यक्षमता मोजावयाची असेल, तर ते यंत्र कोणते कार्य करते हे प्रथम ठरविले पाहिजे. पंपाच्या किंवा दिव्याच्या बाबतीत हा प्रश्न सोपा आहे. स्वयंपाकघरातील अग्नीच्या बाबतीत तो तसा नाही. चुलीवर पाणी तापते, दूध उकळते, भात शिजतो, भाकरी भाजते, भाजी परतली जाते, वांगे निखाऱ्यात भाजले जाते आणि गुऱ्हाळात रस आटतो. ही सर्व क्रियापदे उष्णतेच्याच व्यापाराची असली, तरी त्यांतील प्रत्येकाची उष्णतेकडे असलेली मागणी निराळी आहे. वायुरूप इंधनावर चालणाऱ्या साधनांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे शोध लागले, त्यांनी यांपैकी कोणत्या क्रिया सुकर केल्या आणि कोणत्या तशाच सोडल्या, याचा विचार सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे. या विचारात शब्दांची साक्ष उपयोगी पडते. कारण साधन बदलले तरी त्याच्या अंगांची नावे आणि त्याच्याशी निगडित क्रियापदे सहसा लवकर बदलत नाहीत.

१. चूल आणि वैल

'चूल' हा शब्द संस्कृत 'चुल्ली'पासून आला. त्याच्या अर्थाचा विस्तार मराठीत मोठा आहे. 'चूल वेगळी करणे' म्हणजे कुटुंब विभक्त होणे, 'चूल न पेटणे' म्हणजे उपासमार, आणि 'चूलबंद आमंत्रण' म्हणजे घरातील सर्वांना जेवणाचे बोलावणे. चूल ही वस्तू असून त्याचबरोबर कुटुंबाचे मोजमापही आहे.

तंत्राच्या दृष्टीने मात्र तिचे अधिक लक्षणीय अंग म्हणजे वैल. मुख्य चुलीला लागून, आतून भोकाने जोडलेली ही जागा होय. तिच्यात स्वतंत्र जाळ घालावयाचा नसतो. मुख्य भांड्याखालून निसटलेली ज्वाला आणि तापलेला वायू तिच्याकडे वळतो व त्यावर आमटी किंवा पाणी तापत राहते. वाया जाणाऱ्या उष्णतेची ही पुनःप्राप्ती आहे. आधुनिक भट्ट्यांत बाहेर पडणाऱ्या धुराच्या उष्णतेवर पाणी किंवा हवा आधीच तापवून घेण्याची जी योजना असते, तिच्यामागील तत्त्व आणि वैलामागील तत्त्व एकच आहे.

असे असूनही साध्या मातीच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा दहा ते पंधरा टक्के एवढाच अंश भांड्यात पोचतो. याची कारणे दोन, आणि ती एकमेकांपासून वेगळी ठेवली पाहिजेत. पहिले कारण ज्वलन अपुरे होण्याचे. लाकूड जळते असे आपण म्हणतो; वस्तुतः प्रथम लाकूड तापून त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ज्वाला त्या वायूंची असते. त्यांना पुरेशी हवा व पुरेसे तापमान मिळाले नाही, तर ते न जळताच निघून जातात. त्यालाच धूर म्हणतात. फुंकणीने जाळ फुलतो तो यामुळेच. दुसरे कारण उष्णतेच्या वहनाचे. जी उष्णता निर्माण झाली, तिच्यातील बरीचशी भांड्याच्या बाजूने वर निघून जाते व मातीत मुरते. म्हणजे धूर हा एकाच वेळी इंधनाचा अपव्यय आणि स्वयंपाक करणारीच्या फुप्फुसांवरचा आघात आहे. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष मृत्यू ओढवले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इंधन-साधनांच्या सुधारणेचा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही, तो या कारणाने.

२. 'गॅस' या शब्दाचा प्रवास

सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाने ग्रीक 'केऑस' या शब्दावरून 'गॅस' हा शब्द घडविला. शास्त्रीय मराठीने त्यासाठी 'वायू' हा पर्याय स्वीकारला. पण बोलीने मूळ शब्दच घेतला, आणि घेताना त्याचा अर्थ वस्तूकडे वळविला. सातारा–सांगलीच्या खेड्यांत 'गॅस' म्हणजे प्रथम दिवा होता. वरातीत डोक्यावरून नेली जाणारी, पंप मारून पेटवावयाची 'गॅसबत्ती' रॉकेलवर चालत असे. तथापि ते नाव चुकीचे म्हणता येणार नाही. या दिव्यात रॉकेलची तापून वाफ होते, ती हवेत मिसळून जळते आणि तिच्या उष्णतेने जाळी पांढरीशुभ्र तापून प्रकाश देते. ही जाळी, म्हणजे मराठीतील 'मेंटल', ऑस्ट्रियन रसायनज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख याने १८८५ साली शोधून काढली.

पुढे स्वयंपाकाचा द्रवरूप पेट्रोलियम वायू आला. मुंबईत तो १९५५ च्या सुमारास 'बर्शेन' या नावाने विकला जाऊ लागला आणि नंतरच्या दशकांत जिल्ह्याच्या गावांतून पसरला. आता 'गॅस लाव' यात ज्वाला, 'गॅसवर ठेव' यात शेगडी, 'गॅस संपला' यात इंधन, 'गॅस आला' यात सिलिंडर आणि 'गॅस मिळाला' यात जोडणीचा हक्क अभिप्रेत असतो. एका शब्दाने पूर्वीच्या चूल, सरपण, जाळ आणि निखारा या चारही शब्दांची जागा घेतली. 'शेगडी' हा शब्द मात्र टिकला. पूर्वी कोळशाच्या साधनाला लावला जाणारा हा शब्द गॅसच्या साधनाला सहज लागू झाला. 'चूल' हा शब्द तसा लागू झाला नाही. 'गॅसची शेगडी' असे सर्वत्र म्हटले जाते, 'गॅसची चूल' असे क्वचितच. भाषकांनी नव्या साधनाचे वर्गीकरण कोठे केले, हे त्यावरून दिसते : हलविता येणारे, बिनधुराचे, चुलीच्या जोडीला असणारे साधन. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातच, औरंगाबाद येथे देण्यात आली. तरीही अनेक घरांत चूल आणि शेगडी या दोन्ही नांदतात. त्याचे कारण पुढे येईल.

३. ज्वालेची घडण

गॅसच्या शेगडीतील मूळ शोध म्हणजे वायू जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळणे हा होय. हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन आणि त्यांचे यंत्रकार पेटर डेझागा यांनी १८५५ साली हे तत्त्व वापरून ज्योतिपात्र तयार केले. बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वायू वेगाने बाहेर पडतो, आपल्या ओढीने भोवतालची हवा आत खेचतो आणि हे मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येऊन निळ्या ज्वालेने जळते. पिवळी ज्वाला अपुऱ्या हवेची खूण असते; भांड्याच्या बुडाला धरणारी काजळी तिचीच.

प्रत्येक वायूची हवेची गरज मात्र भिन्न आहे. एक घनमीटर मिथेन पूर्ण जळण्यास सुमारे ९.५ घनमीटर हवा लागते. प्रोपेनला सुमारे २४ आणि ब्युटेनला सुमारे ३१. साठ टक्के मिथेन असलेल्या गोबर गॅसला ५.७ घनमीटर हवा पुरते. उष्णतेचेही प्रमाण असेच आहे. सारख्याच घनफळाच्या मिथेनपेक्षा सिलिंडरच्या वायूत अडीचपट किंवा त्याहून अधिक उष्णता असते, आणि गोबर गॅसच्या तुलनेत ती चौपटीच्याही पुढे जाते. यामुळे एका वायूची शेगडी दुसऱ्या वायूवर जशीच्या तशी चालत नाही. सिलिंडरच्या शेगडीतील सूक्ष्म जेटमधून गोबर गॅस सोडला, तर तो पुरेसा येत नाही. शिवाय त्यातील कर्बद्विप्राणिलामुळे ज्वालेचा पुढे सरकण्याचा वेग कमी असतो, म्हणून वायूचा झोत जोराचा असल्यास ज्योत बर्नरवरून उचलली जाते व विझते. गोबर गॅसच्या बर्नरला मोठे जेट आणि एकूण क्षेत्रफळाने मोठी छिद्रे असतात ती यासाठी.

हा मुद्दा या भागात आता केवळ शास्त्रीय राहिलेला नाही. नळाने नैसर्गिक वायू पुरविण्याच्या योजनेत, २०१८ च्या नवव्या फेरीत, सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून एक भौगोलिक क्षेत्र धरण्यात आले. नळाचा वायू मुख्यतः मिथेन असतो. सिलिंडरची शेगडी त्याला जोडताना जेट बदलावे लागते. पण जेट बदलले तरी बर्नरची छिद्रे आणि भांड्यापासूनचे अंतर जुन्याच वायूसाठी आखलेले राहते, आणि कार्यक्षमता घटते. म्हणूनच देहरादून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेने नळाच्या वायूसाठी स्वतंत्र बर्नर विकसित केला.

दुसरी दिशा ज्वालेलाच आत घेण्याची. सच्छिद्र मृत्तिकाद्रव्याच्या थरात वायू जाळला, तर तो थर लाल तापून उष्णता किरणांच्या रूपाने वर फेकतो. गुवाहाटी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पी. मुथुकुमार यांच्या मार्गदर्शनाखाली अशा बर्नरवर संशोधन झाले. त्यात इंधनाची बचत होते, आणि नायट्रोजनची प्राणिले व कर्ब-एकप्राणिल यांचे प्रमाणही घटते. या बर्नरचे या भागाच्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. ते भाकरीच्या विचारात स्पष्ट होईल.

४. आर आणि भाकरी

ज्वारीची भाकरी दोन टप्प्यांत होते. प्रथम ती तव्यावर भाजते. नंतर तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांच्या समोर उभी केली जाते. निखाऱ्यांच्या या थराला बोलीत 'आर' म्हणतात. जाळ निराळा आणि आर निराळा. जाळ तव्याला तापवितो. आर स्पर्शावाचून, किरणांनी उष्णता देतो. या किरणांच्या उष्णतेने भाकरीतील पाण्याची वाफ होते, पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. या दुसऱ्या टप्प्याचे 'शेकणे' हे क्रियापद पहिल्या टप्प्याच्या 'भाजणे' या क्रियापदाहून वेगळे आहे, आणि ते हात शेकण्यासही लागते. दोन्ही ठिकाणी उष्णता दुरूनच येते.

गॅसच्या शेगडीवर जाळ आहे, पण आर नाही. निळी ज्वाला उष्णता देते ती मुख्यतः तापलेल्या वायूच्या स्पर्शाने. तिचे किरण क्षीण असतात. म्हणून गॅसवर भाकरी जाळीवर टाकून थेट ज्वालेवर शेकावी लागते, आणि ती कडेला करपते वा मध्ये कच्ची राहते. सच्छिद्र बर्नर जे देऊ शकतो, ते नेमके हेच : धुराविना आर.

५. बंब आणि गिझर

आंघोळीच्या पाण्याची कथा वेगळी नाही. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पंपावरून, मराठीत आला. 'आगीचा बंब' या प्रयोगात तो मूळ अर्थाच्या जवळ राहिला, तर न्हाणीघरात त्याने पाणी तापविण्याच्या तांब्याच्या पात्राचा अर्थ धारण केला. या बंबाच्या मध्यभागातून उभी नळी जाते. नळीच्या तळाशी विस्तव, आणि नळीभोवती पाणी. धूर वर जाताना सर्व बाजूंनी पाण्याला उष्णता देत जातो. भांड्याखाली जाळ लावण्याऐवजी जाळाभोवती भांडे घालण्याची ही कल्पना अत्यंत समर्पक आहे. गोवऱ्या, चिपाडे, भुसकट असे कोणतेही इंधन त्याला चालते.

वायूवर चालणारा पाणी-तापक लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ साली केला आणि आइसलंडमधील उष्ण झऱ्याच्या नावावरून त्याला 'गायझर' असे नाव दिले. मराठीत तेच 'गिझर' झाले. मॉनच्या साधनाला धुरांडे नव्हते. आजच्या लहान गॅस-गिझरलाही, तो बंद न्हाणीघरात बसविला तर, तोच दोष चिकटतो. खोलीतील प्राणवायू कमी होऊ लागला की ज्वलन अपुरे होते व गंध नसलेला विषारी कर्ब-एकप्राणिल तयार होतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसविणे, निदान त्याला बाहेर जाणारे धुरांडे असणे, ही सोय नव्हे, आवश्यकता आहे.

कार्यक्षमतेची पुढची पायरी संघनक तापकाची. वायू जळताना पाण्याची वाफ होते आणि ती धुराबरोबर निघून जाते. मिथेनच्या एकूण उष्णतेपैकी सुमारे एक-दशांश या वाफेत अडकलेली असते. येणाऱ्या थंड पाण्याने धूर पुरेसा निववून ती वाफ पुन्हा पाण्यात आणली, तर तीही उष्णता हाती लागते. वैलाचे तत्त्व त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेले असता जे मिळेल, ते हेच.

६. शेण, उरलेले अन्न आणि पाचट

मराठीत 'गोबर' म्हणत नाहीत, 'शेण' म्हणतात. वाळवून थापलेल्या शेणाला गोवरी किंवा शेणी म्हणतात. तरी शेणापासून होणाऱ्या वायूचे नाव 'गोबर गॅस' असेच रुजले. कारण हे तंत्र संस्थेमार्फत, नावासह आले. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून वायू मिळविण्याचा प्रयोग झाला होता. खेड्यांसाठी उपयुक्त आकृतिबंध मात्र जशभाई पटेल यांनी १९५० नंतरच्या दशकात सिद्ध केला. विहिरीसारख्या खड्ड्यात शेण-पाण्याचा काला, आणि त्यावर तरंगणारे उलटे लोखंडी पिंप. पिंपाचे वजन स्थिर असल्याने वायूचा दाबही स्थिर राहतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. लोखंड गंजते व महाग पडते, म्हणून पुढे स्थिर घुमटाची संयंत्रे आली. 'दीनबंधू' हा आकृतिबंध १९८४ चा.

हिशेब असा : सुमारे २५ किलो ओल्या शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो आणि तो ०.४३ किलो सिलिंडरच्या वायूच्या बरोबरीचा असतो. पाच माणसांच्या स्वयंपाकास दिवसाला सुमारे १.२ घनमीटर लागतो, म्हणजे ३० किलो शेण, म्हणजे साधारणतः तीन जनावरे. ज्यांच्या दारात तीन जनावरे नाहीत, त्यांना हा शोध उपयोगी नाही.

ही अडचण पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेने ओळखली. वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांनी स्थापिलेली ही संस्था आद्याक्षरांवरून 'आरती' या नावाने ओळखली जाते आणि सातारा जिल्ह्यातील फलटण येथे तिने क्षेत्रीय काम केले. कर्वे यांचा विचार साधा होता : शेण म्हणजे जनावराने आधीच पचविलेले अन्न, मग जीवाणूंना न पचविलेले अन्नच का देऊ नये? रसायनाच्या हिशेबाने एक किलो पिष्टापासून सुमारे ०.४ घनमीटर मिथेन मिळू शकतो. तेवढ्याच मिथेनला सुमारे १७ किलो ओले शेण लागेल. त्यामुळे प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उलटी बसविलेली, एवढ्यात घरगुती संयंत्र मावते, आणि खरकटे, खराब धान्य, पेंड यांवर ते चालते. या कामाला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीला तोच पुरस्कार २००२ साली मिळाला होता. त्या पद्धतीत पाचट बंद पिंपात तापविले जाते आणि त्यातून निघणारे वायू वाया न घालविता त्याच भट्टीत जाळले जातात. अशा कोळशाच्या सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर 'सराई' कुकरमध्ये एका कुटुंबाचा वाफेवरचा स्वयंपाक होतो.

फलटण येथेच, १९६८ साली बी. व्ही. निंबकर यांनी स्थापिलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचटाचा प्रश्न निराळ्या मार्गाने हाताळला. पाचट हलके, पोकळ आणि हाताळण्यास अवघड. शेतकरी ते फडातच पेटवून देतात. त्यांनी पाचट व चिपाडे यांवर चालणारे वायुजनक यंत्र सिद्ध केले. मर्यादित हवेत हे इंधन अर्धवट जाळले की ज्वलनशील वायू मिळतो. एका घनमीटरला सुमारे ४ मेगाज्यूल एवढी त्याची उष्णता अल्प असली, तरी तो जागच्या जागी भट्टीत जाळता येतो. या यंत्राची क्षमता ताशी १,०८० मेगाज्यूलपर्यंत होती, आणि कारखान्याच्या भट्टीत खनिज तेलाऐवजी त्याचा वापर करून पाहण्यात आला. चुलीत एकाच ठिकाणी, एकाच वेळी होणाऱ्या दोन क्रिया, लाकडातून वायू निघणे आणि तो वायू जळणे, येथे वेगळ्या केल्या आहेत. त्यामुळे प्रत्येकीवर नियंत्रण ठेवता येते. गुऱ्हाळातील काहिलीखालचे चुलाण अद्याप जुन्या पद्धतीचे आहे. उत्तर भारतात एकामागे एक दोन-तीन कढया मांडून धुराच्या उष्णतेवर रस आधी तापवितात. या भागात एकाच मोठ्या काहिलीची पद्धत रूढ आहे. वैल घरात आहे, गुऱ्हाळात नाही.

याच तत्त्वाचे घरगुती रूप म्हणजे 'ऊर्जा' शेगडी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनावर आधारलेल्या या शेगडीत शेतमालाच्या टाकाऊ अंशाच्या गोळ्या आणि लहान पंखा असे. महाराष्ट्रासह काही राज्यांत ती लाखोंच्या संख्येने विकली गेली. तथापि गोळ्यांचे भाव वाढले, आणि सरपण तर फुकट मिळत होते. शेगडी उत्तम असूनही पुष्कळ घरांतून ती बाजूला पडली.

७. कार्यक्षमता कशाची?

भारतीय मानकांनुसार सिलिंडरच्या घरगुती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के आणि गोबर गॅसच्या शेगडीची किमान ५५ टक्के असावी लागते. ही चाचणी भांड्यातील पाणी तापवून केली जाते. निरनिराळ्या शेगड्यांची तुलना करण्यास ही पद्धत योग्य आहे, यात शंका नाही. पण आरंभी सांगितलेल्या क्रियापदांपैकी ती केवळ एकाचे, 'तापविणे' या क्रियेचे, मापन करते. 'शेकणे' तिच्या कक्षेत येत नाही. मोठ्या तव्यावर सर्वत्र सारखे 'भाजणे' येत नाही. एका जाळावर दोन भांडी ठेवण्याची वैलाची सोयही तिच्यात येत नाही.

गॅस येऊनही चूल का विझत नाही, याचे उत्तर पुष्कळदा गरिबी किंवा सवय असे दिले जाते. सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च हे खरेच मोठे कारण आहे. परंतु जी कामे नव्या साधनाला जमत नाहीत, त्यांसाठी जुने साधन राहणारच, हेही तितकेच खरे. आठवड्यातून सातही दिवस भाकरीसाठी चूल पेटत असेल, तर भात आणि भाजी गॅसवर होऊनही धूर घरात राहतो आणि आरोग्याचा लाभ बराचसा हरपतो. अशा घरात ६८ टक्क्यांच्या शेगडीचे ७० टक्के करणे हे भाकरीची सोय करण्यापेक्षा कमी मोलाचे ठरेल.

यावरून एक व्यावहारिक सूचना निघते. एखाद्या प्रदेशासाठी साधन आखण्यापूर्वी तेथील स्वयंपाकाच्या क्रियापदांची यादी करावी. प्रत्येक क्रियापदापुढे त्याला लागणारी उष्णता ज्वालेची की निखाऱ्याची, मंद की तीव्र, किती वेळ, किती रुंदीवर, याची नोंद करावी. आणि ज्या क्रियापदासाठी घरातील बाई अजून चुलीकडे जाते, त्यापासून शोधाला आरंभ करावा. ही यादी प्रयोगशाळेत मिळणार नाही, परंतु ती तयार करण्यास फारसा खर्चही नाही. ती बोलणाऱ्यांच्या तोंडी आहे.